शपथेचा अंक

माझी नोकरी रोज सकाळी देवाची शपथ घेण्यापासून सुरू व्हायची. करंजवण्याच्या तालुका न्यायालयात पंखे लागायच्या आधी मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहायचे, कपाळाला पट्टी बांधायचे, डाव्या हाताच्या दोन बोटांना टोप्या चढवायचे आणि रिकाम्या खुर्च्यांना सांगायचे, "मी ईश्वराला स्मरून शपथ घेते की जे सांगेन ते खरं सांगेन." समोरच्या पडद्यावर अंक उमटायचा. त्र्याण्णव, कधी चौऱ्याण्णव. मग पट्टी सोडून मी चहाला मोकळी. वाणी दुकान उघडताना वजन टाकून काटा तपासून घेतो ना, तसं त्या यंत्राचं वजन म्हणजे मी. आमचे शिरस्तेदार लोंढेकाका म्हणायचे, "केतकीताई, तुमचा त्र्याण्णव लागला की आमचं दुकान उघडलं."

यात गंमत अशी, की जिच्या शपथेवर सगळ्या तालुक्याच्या शपथा तोलल्या जायच्या, तिच्या घरात देव मानणारी ती एकटीच उरली होती. माझे वडील, दिनकर रणवरे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गावात सगळे त्यांना रणवरे सर म्हणतात. कॉलेजात असताना त्यांनी देव सोडला आणि मग कधी त्याच्याकडे फिरकले नाहीत. आई मात्र दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जायची. बाबा तिच्यासोबत जायचे आणि बाहेर पायरीवर बसून तिच्या चपला सांभाळायचे. आई गेल्यावर मी जाऊ लागले, तर माझ्याही सांभाळू लागले. त्यांना बसलेलं बघून बाकीचे लोकही आपल्या चपला त्यांच्यासमोर ठेवून आत जात. सरांची त्याला कधी ना नव्हती.

न्यायालयाला असं यंत्र का लागलं, तर त्याला कारण चित्रफिती. फोनवर दोन वाक्यं सांगितली की कुणाचंही, कुठलंही, हुबेहूब चित्रण तयार होऊ लागलं. आवाज बनवता येऊ लागले, कागद बनवता येऊ लागले. शेवटी न्यायालयांनी कॅमेऱ्याचा पुरावा बघणंच सोडून दिलं. मग उरलं काय, तर जिवंत माणूस आणि त्याचा शब्द. माणसाच्या शब्दाला पुन्हा भाव आला, आणि भाव आला म्हटल्यावर तो मोजायचं यंत्रही आलं.

माणूस मनापासून स्वतःला एखाद्या शब्दात बांधून घेतो, तेव्हा कपाळामागच्या मेंदूत रक्ताचा ओघ बदलतो. पट्टीतून सोडलेला, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश हाडातून आत जातो, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तो ओघ कळतो. बोटांच्या टोप्या घाम आणि नाडीची लय टिपतात. तिन्ही मिळून शून्य ते शंभरमधला एक अंक. हे खोटं पकडणारं यंत्र नव्हे, असं प्रशिक्षणात आम्हाला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. साक्षीदार पुढे काय बोलतो याच्याशी पट्टीला कर्तव्य नाही. शपथ घेताना तो किती बांधला गेला, एवढंच ती सांगते.

नियम साधा होता. अंक चाळीसच्या खाली आला तर ती साक्ष दुसऱ्या पुराव्याच्या आधाराशिवाय धरायची नाही. आणि ऐंशीच्या वर आला तर, नियमात नसलं तरी, वकील उलटतपासणीत फारसं रेटत नसत. एवढ्या बांधलेल्या माणसाला छळणं बरं दिसत नाही, असा एक रिवाजच पडून गेला.

सरकारने याची जाहिरात केली होती, 'सर्व धर्मांना समान पट्टी'. ईश्वर, अल्ला, प्रभू येशू, वाहेगुरू, ज्याचं जे दैवत त्याच्या नावाने शपथ घ्यायची. देव न मानणाऱ्यांसाठी तळाला एक ओळ होतीच, 'मी गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. ती म्हणणारे थोडे, आणि त्यांचे अंक खालचेच. आम्हाला शिकवलं होतं, की अशा माणसांना शपथेचं ओझं मुळात कमीच वाटतं. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते भाजी निवडत होते.

"सर्वांना समान म्हणजे देवळात गेलेल्या सर्वांना," ते म्हणाले. "बाहेर पायरीवर बसलेल्याला धरलंय का त्यात?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कुठे साक्ष द्यायची आहे?"

*

आली द्यायची वेळ.

उसाचा हंगाम होता. बाबा रोज संध्याकाळी शुक्र बघायला कॅनॉलच्या पुलावर जातात. कशाला, तर तो आहे म्हणून. त्या संध्याकाळी पुलापाशी भानुदास ननावरेचा ट्रॅक्टर टायर बसला म्हणून उभा होता. भानू बाबांचा जुना विद्यार्थी, वर्गात कायम खिडकीबाहेर बघणारा. त्याने उसाचा ट्रेलर रस्त्याच्या पार खाली घेतला होता, मागे दगड लावले होते, दिवे चालू ठेवले होते आणि स्वतः जॅक घेऊन खाली शिरला होता. तेवढ्यात मागून एक पांढरी मोटार भरधाव आली आणि पुढच्या दुचाकीला उडवून, शंभर पावलांवर जाऊन थांबली. दुचाकीवरचा माणूस जागीच गेला. हे पाहणारे तिथे एकटे बाबा होते.

मोटार चालवत होते विक्रांत इनामदार, तालुक्यातले बडे बागायतदार. मागच्या सीटवर त्यांच्या आई, सुलोचनाबाई. इनामदारांनी पोलिसांना सांगितलं, की ट्रेलर बिनदिव्याचा रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि दुचाकीवाला त्याच्यावर आदळला. मोटारीचा बंपर दुसऱ्याच दिवशी नवा झाला. पुराव्यादाखल त्यांनी एक चित्रफीतही आणली. भानूच्या पुतण्याला राहवलं नाही, काकाच्या मायेपोटी त्याने फोनवर दुसरी बनवली. दोन्ही चित्रफितींत ट्रेलर वेगवेगळ्या जागी. न्यायालयाने दोन्ही बाजूला सारल्या, आणि आरोपीकडचे लोक पुरावे बनवतात असा ठपका तेवढा भानूवर बसला.

भानूवर खटला उभा राहिला. सुलोचनाबाईंचा अंक एक्याण्णव आला. इनामदारांचा चौऱ्याऐंशी. पट्टी मीच बांधली होती. सुलोचनाबाई खरंच सज्जन बाई. शपथ घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना दोनच प्रश्न विचारले गेले आणि नमस्कार करून खाली उतरवलं गेलं.

आता भानू आणि तुरुंग यांच्यामध्ये एकच माणूस उभा होता, आणि तो देव मानत नव्हता.

*

प्रत्येक साक्षीदाराला आधी एकदा पट्टीचा सराव द्यावा लागतो, म्हणजे तो यंत्राला बुजत नाही. बाबांचं नाव यादीत आलं तसं मी न्यायाधीश खरात मॅडमना सांगून टाकलं, की हे माझे वडील. साक्षीच्या दिवशी शेजारच्या तालुक्यातून मोकाशी नावाचे तंत्रज्ञ येतील असं ठरलं. सरावाला मात्र माझ्यावाचून कुणी नव्हतं.

बाबा पिंजऱ्यात उभे राहिले. मी पट्टी बांधली तेव्हा त्यांच्या कपाळावरचे केस किती विरळ झालेत ते दिसलं. त्यांनी ती तळाची ओळ वाचली, एकेक शब्द नीट उच्चारत. वर्गात व्याख्या सांगायचे तशी.

एकतीस.

"पुन्हा एकदा म्हणा," मी म्हटलं. "घाई झाली असेल."

पुन्हा म्हणाले. एकतीसच. बाबा पडद्याकडे बघत राहिले. आयुष्यभर या माणसाने मुलांच्या मार्कांत अर्धाही गुण इकडचा तिकडे केला नव्हता, आणि हे यंत्र सांगत होतं, की खरं बोलायची यांना फारशी बांधिलकी नाही. मला संताप आला. कोणाचा ते कळेना, म्हणून तो त्यांच्यावरच निघाला.

"आता वरची ओळ म्हणा," मी म्हटलं. "सरावच आहे. सरावात खोटं-खरं काही नसतं."

"केतकी."

"म्हणा हो."

त्यांनी म्हटलं. ईश्वराला स्मरून. पुटपुटल्यासारखं, जरा ओशाळून.

अठ्ठ्याऐंशी.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नीट चालतंय का हे?"

"सकाळीच त्र्याण्णव आलाय माझा."

ते खाली बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, "मी तिसरीत असताना नैवेद्याचे पेढे आधीच खाल्ले होते. नाही म्हणालो. आईने मला देवासमोर उभं केलं आणि म्हणाली, त्याच्याकडे बघून सांग. माझी जीभच उचलेना. खाल्ले म्हणून सांगितलं. ती रागावली नाही. तिने मला जवळ ओढलं. तिच्या पदराला निरांजनातल्या तुपाचा वास येत होता." त्यांनी बोटांच्या टोप्या काढून माझ्या हातात दिल्या. "देव माझ्या डोक्यातून गेला, ग. आई कुठेच गेली नाही."

माझा संताप कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

*

सरावाचा अंक गुप्त असतो म्हणतात. करंजवण्यात काही गुप्त नसतं. चार दिवसांत भानूची बायको शालन घरी आली. खुर्ची दिली तरी उंबऱ्यापाशीच टेकली. तिने रडगाणं लावलं नाही. ती विचार करून आली होती.

"सर, दोन शब्द तर हायेत," ती म्हणाली. "तुमी देव न्हाय म्हंता. बरं, न्हाय तर न्हाय. मग जे न्हायच, त्याचं नाव घेतलं तर कुनाचं काय बिघडतंय?"

चाळीस वर्षं शंका विचारा, शंका विचारा म्हणून मुलांच्या मागे लागणाऱ्या माणसाला तिने बिनतोड शंका विचारली होती.

"आमचं मालक आत गेलं, तर तुमाला झोप यील का?" ती म्हणाली. "मला यायची न्हाय, म्हनून इचारते."

"नाही येणार," बाबा म्हणाले.

ती गेल्यावर चहा तसाच गार झाला. बाबा खिडकीशी उभे होते. "तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं तत्त्व आणि भानूची सहा-सात वर्षं. पारड्यात घालून बघ. म्हणू का मी ते दोन शब्द?"

मला हो म्हणायचं होतं. आठवडाभर मी हेच मनात घोकत होते, की बाबा, एवढं एकदा म्हणून टाका. पण त्यांनी खरंच विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "नको."

बाबा वळले. "तू म्हणतेस हे?"

"माझा देव आहे तो, बाबा. मी त्याला रोज सकाळी मनापासून हाक मारते, म्हणून माझा अंक येतो. आता लोक अंक यावा म्हणून त्याला हाक मारणार. उद्या शाळेच्या दाखल्याला, जमिनीच्या व्यवहाराला, सगळीकडे पट्टी लागेल, आणि जो तो त्याचं नाव घेत सुटेल. मला नाही ते बघवणार." मी गार चहाचे कप उचलले. "आणि खरं सांगेन असं म्हणतानाच तुम्ही खोटं बोलणार. मग पुढे सांगायचं काय राहिलं?"

बाबा हसले. फार दिवसांनी हसले. "तुझ्या आईची मुलगी आहेस."

"आणि भानूचं काय?"

"दोन्ही अंक सांगायचे," ते म्हणाले. "जे झालं ते सगळं सांगायचं. मला दुसरं काही येत नाही."

*

साक्षीच्या दिवशी न्यायालय भरलेलं होतं. मी सकाळी नेहमीसारखी शपथ घेतली, त्र्याण्णव लागला, आणि यंत्र मोकाशींच्या ताब्यात देऊन भिंतीशी जाऊन उभी राहिले. भानू आरोपीच्या बाकावर होता. एवढ्या महिन्यांत त्याची मान बारीक झाली होती.

बाबांनी दृढकथन केलं. अंक आला एकोणतीस, सरावापेक्षाही कमी. मागच्या बाकांवर चुळबुळ झाली.

"माझं कथन नोंदीत घेण्याआधी मला एक सांगायचं आहे," बाबा न्यायाधीशांना म्हणाले. "सरावात मी ईश्वराचं नाव घेऊनही पाहिलं. तेव्हा अठ्ठ्याऐंशी आला. मी देव मानत नाही. तरी आला. हे मी लपवलं तर ते खोटं बोलल्यासारखंच होईल."

त्यांचे कान लाल झाले होते. देव न मानणारे रणवरे सर, आणि देवाचं नाव घेतलं की त्यांचं काळीज हलतं, हे भर न्यायालयात त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मागे कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसणाऱ्याला मी ओळखते, आणि अजून त्याच्याशी बोलत नाही.

सरकारी वकील उठले. "अंक चाळीसच्या खाली आहे. आधाराला दुसरा पुरावा नाही. ही साक्ष धरता येणार नाही."

भानूच्या वकील शमा तांबोळी. वयाने लहान, पण कान तिखट. त्या म्हणाल्या, "न मानणाऱ्या माणसाला देवाच्या नावाने अठ्ठ्याऐंशी कसा येतो, हे मला यंत्र चालवणाऱ्यांकडून समजून घ्यायचं आहे. केतकी रणवरे इथेच आहेत. त्यांना तपासायची परवानगी द्यावी."

"त्या साक्षीदाराच्या कन्या आहेत," सरकारी वकील म्हणाले.

"अपघाताबद्दल नाही विचारणार. यंत्राबद्दल विचारणार."

मॅडमनी मला खूण केली.

बाबा खाली उतरले आणि मी पिंजऱ्यात चढले. सकाळीच जिथे उभी होते तिथेच. मोकाशींनी पट्टी बांधली. लोंढेकाकांनी सवयीने वरची ओळ माझ्यापुढे धरली, त्यांना विचारायचीही गरज वाटली नाही. माझ्या कपाळाला कुंकू, गळ्यात दत्ताचं लॉकेट, त्यात तो गुरुवार. उपास होता.

हे मी आधी ठरवलं होतं का, असं लोक अजून विचारतात. नव्हतं ठरवलं. काकांच्या हाताकडे बघता बघता एकदम मनात आलं, की राज्यातल्या प्रत्येक न्यायालयात रोज सकाळी कोणीतरी माझ्यासारखंच उभं राहतं आणि वरची ओळ म्हणून यंत्र तपासतं. कारण आम्ही सगळे तीच म्हणतो. तळाच्या ओळीने काटा कधी कोणी तपासलेलाच नाही.

"काका," मी म्हटलं, "मला शेवटची ओळ द्या."

काकांना वाटलं, माझं डोकं फिरलं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मुभा आहे. द्या."

या ओळीवरही माझा त्र्याण्णव आला असता, तर सरकारी वकिलांना आयतंच हातात मिळणार होतं, की बघा, प्रामाणिक माणसाला शब्द कोणतेही चालतात, खोट रणवरे सरांमध्येच आहे. मग बाबांना आणि भानूला बुडवणारी मीच. आणि अंक पडला असता तर माझी नोकरी. यंत्र चालवणाऱ्याचा अंक नोंदीत एकदाही ऐंशीखाली आलेला चालत नाही. मी मनात दत्ताला हाक मारली नाही. मारावीशी फार वाटली. पण आज त्याला मध्ये घ्यायचं नाही, एवढं मला कळत होतं.

"मी गांभीर्यपूर्वक दृढकथन करते की जे सांगेन ते खरं सांगेन."

पडद्यावर चौतीस उमटला.

माझा त्र्याण्णव तिथे शिपायापासून वकिलांपर्यंत सगळ्यांना पाठ होता.

मॅडम चष्म्यावरून बघत होत्या. "सकाळी तुमचा अंक काय होता?"

"त्र्याण्णव."

"खरं बोलायची बांधिलकी सकाळपेक्षा आता कमी वाटते?"

"नाही मॅडम. आता जास्त वाटते. माझे वडील इथे उभे आहेत."

सरकारी वकील सावरले होते. माणूस हुशार. "साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. "या बाई श्रद्धाळू आहेत. देवाचं नाव काढून घेतलं की त्यांना शपथेचं ओझं वाटत नाही. यंत्र अगदी बरोबर सांगतंय."

शमाताई माझ्याकडे बघत होत्या. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"मग बाबांचा अठ्ठ्याऐंशी कुठून आला?" मी म्हटलं. "मी मानते, आणि देवाचं नाव घेतलं नाही तर माझा अंक पडतो. ते मानत नाहीत, आणि नाव घेतलं तर त्यांचा चढतो. म्हणजे हे यंत्र श्रद्धा मोजत नाही आणि बांधिलकीही मोजत नाही. लहानपणी खरं बोल म्हणून ज्याने आपल्याला जवळ घेतलं, त्याने तेव्हा कोणते शब्द वापरले होते, ते मोजतं. देवाशपथ सांग, असं आपल्या सगळ्यांच्या आया म्हणाल्या. गांभीर्यपूर्वक दृढकथन कर, असं कुठली आई म्हणते?"

मागे काही लोक हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं. मॅडमही हसू आवरत असाव्यात, कारण त्यांनी उगाच पेनचं टोपण काढलं आणि लावलं.

"आणि तुमची साक्ष?" त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे आता तीही धरता येत नाही."

"हो मॅडम. माझीही नाही."

मॅडम थोडा वेळ लिहीत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते मला शब्दशः आठवतं. "हे यंत्र सरकारने बसवलं आहे, ते मी काढू शकत नाही. पण देवाच्या नावाने घेतलेली शपथ आणि त्याच्याशिवाय केलेलं कथन, दोन्ही कायद्याने सारखी आहेत, आणि नियम कायद्याच्या खाली असतो. हे यंत्र त्या दोघांत भेद करतं, हे माझ्यासमोर दिसलं आहे. सरकारने कोणा एकाच्या बाजूला उभं राहायचं नसतं, आणि मीही सरकारच आहे. या खटल्यातले सगळे अंक मी बाजूला ठेवते. चढे आणि उतरते, दोन्ही. साक्षीदारांना आपण पूर्वीसारखं ऐकू. प्रश्न विचारून."

बाबांना मग दुपारभर प्रश्न विचारले गेले. सरकारी वकिलांनी सोललंच त्यांना. शुक्र कुठे होता, तुम्ही त्याच्याकडे बघत होतात की रस्त्याकडे, चष्म्याचा नंबर काय, आरोपी तुमचा लाडका विद्यार्थी होता का. बाबा म्हणाले, "लाडका कसला. कायम खिडकीबाहेर बघायचा." भानू कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा हसला.

अंक बाजूला पडले म्हणून सुलोचनाबाईंनाही पुढच्या तारखेला परत बोलावलं. शमाताईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, दुचाकी ट्रेलरवर आदळताना तुम्ही पाहिलीत?"

सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी जप करत होते, बाळा. डोळे मिटलेले होते. धक्का बसला. विक्रांत म्हणाला, ट्रेलरवर आदळला कोणीतरी."

"धक्का आपल्या मोटारीला बसला?"

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. "हो," त्या म्हणाल्या. "आपल्याच मोटारीला बसला."

त्या खोटं कधीच बोलल्या नव्हत्या. एक्याण्णव अंक आल्यावर त्यांना हा प्रश्न विचारावा असं कुणाला वाटलंच नव्हतं.

*

भानू सुटला. इनामदारांचं प्रकरण आता चालू आहे. पट्टीचं काय करायचं, हे वरच्या न्यायालयात गेलंय, आणि सरकारने रीतीप्रमाणे समिती नेमली आहे. मला शपथेच्या खोलीतून काढून दप्तरखान्यात बसवलंय. शेरा असा, 'अंक अस्थिर'. लोंढेकाका तिथे येऊन चहा देतात आणि नवीन मुलीचा एक्याऐंशी कसा बेचव आहे ते सांगतात. वाईट वाटतं का, तर वाटतं. त्या रिकाम्या न्यायालयात सकाळी देवाचं नाव घ्यायला मला आवडायचं. पण आता ते घेताना समोर पडदा नसतो, आणि तेही बरं वाटतं.

निकालानंतरच्या गुरुवारी आम्ही देवळात गेलो. शालन आणि भानू आधीच आले होते. शालनने बाबांपुढे नारळ धरला आणि मग तिचं तिलाच कळेना, की हा यांना द्यावा का. बाबांनी घेतला. म्हणाले, "याची चटणी केतकी चांगली करते."

मी चपला काढल्या. बाबा पायरीवर नेहमीच्या जागी बसले.

"बाबा," मी म्हटलं, "त्या अठ्ठ्याऐंशीचं तुम्हाला अजून वाईट वाटतं का?"

त्यांनी माझ्या चपला उचलून आपल्या डाव्या बाजूला सरळ लावल्या. "नाही. ते माझ्या आईचे आहेत. राहू देत."

मी आत गेले. बाहेर येताना पाहिलं, तर त्यांच्यासमोर पाचपंचवीस जोड लागले होते. लहान मुलांचे बूट होते, म्हाताऱ्यांच्या वहाणा होत्या. कोणी परगावचा माणूस आपल्या चपला ठेवता ठेवता जरा घुटमळला. "काका, तुम्ही नाही का येत आत?"

"मी इथेच बरा आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही सावकाश जाऊन या. चपला असतील इथे."

तो माणूस निश्चिंतपणे आत गेला.